टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरवर पोट भरता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: "नोकरी सांभाळून दोन वर्षांत एक टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर (म्हणजे मजकूर वाचत, आज्ञा टाइप करत खेळायचा संगणकी खेळ) पूर्ण केला. ज्यांनी खेळला त्यांना आवडला. आता नोकरी सोडून स्वतंत्रपणे हेच करावं असं वाटतं. यात करिअर होतं का, आणि सुरुवात कुठून करू?"

करिअर होतं. मात्र पैसा ज्या दारातून येईल असं तुम्ही धरून चालला आहात, त्या दारातून तो सहसा येत नाही. मी अठरा वर्षं या कामात आहे. माझे खेळ लोकांनी विकत घेतले, पण सगळ्यात चांगल्या वर्षातही नुसत्या विक्रीवर माझं घरभाडं निघालं नसतं. घर चाललं ते खेळ बघून लोकांनी दिलेल्या कामांवर. हे ऐकून हिरमोड होणार असेल तर तो आत्ताच झालेला बरा.

असं का आहे ते समजायला थोडं मागे जावं लागेल. विल क्राउदरने १९७५-७६च्या सुमारास पीडीपी-१० संगणकावर फोर्ट्रानमध्ये 'अ‍ॅडव्हेंचर' लिहिला तो स्वतःच्या मुलींना खेळता यावा म्हणून. गडी गुहा धुंडाळणारा होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या गुहांच्या नकाशांवर त्याने काम केलं होतं आणि खेळातली गुहा त्या ओळखीतूनच आली. १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात भर घातली, मग तो संगणकामागून संगणकावर पसरत गेला, फुकट. एकट्या माणसाने यातून धंदा उभा करून दाखवला तो स्कॉट अ‍ॅडम्सने. १६ किलोबाइट मेमरीच्या टीआरएस-८० वर १९७८ मध्ये त्याने अख्खा 'अ‍ॅडव्हेंचरलँड' बसवला, कॅसेटवर विकला, त्यावर कंपनी काढली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ती बुडालेलीही पाहिली. एमआयटीतल्या मंडळींनी १९७९ मध्ये इन्फोकॉम काढली, 'झॉर्क' घराघरात नेला, १९८६ मध्ये ती अ‍ॅक्टिव्हिजनच्या हाती गेली आणि १९८९ मध्ये तिला टाळं लागलं.

ग्राफिक्सने टेक्स्टचा गळा घोटला असं सरसकट म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण इन्फोकॉमचं कंबरडं मोडलं ते मुख्यतः कॉर्नरस्टोन नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरने. खेळांवर कमावलेला पैसा त्यांनी त्यात ओतला आणि १९८५ मध्ये बाजारात आल्यावर ते चाललं नाही. कंपनी गेली तरी त्यांचे खेळ मात्र गेले नाहीत. त्यांनी खेळ कुठल्याही एका संगणकासाठी न लिहिता झेड-मशीन नावाच्या काल्पनिक यंत्रासाठी लिहिले होते. नवा संगणक आला की त्याच्यावर फक्त ते यंत्र नव्याने उभं करायचं, खेळाची फाइल तीच. म्हणून १९८० सालचा खेळ आज फोनवर चालतो. एकट्या निर्मात्याच्या दृष्टीने या प्रकारातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे: तुमचं जुनं काम सडत नाही. थ्रीडी गेम करणाऱ्या माझ्या मित्रांचे दहा वर्षांपूर्वीचे गेम आज सुरूसुद्धा होत नाहीत. माझा पहिला, अगदी वाईट खेळ अजून चालतो. (नसता चालला तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.)

कंपन्या गेल्यावर मैदान हौशी लोकांच्या हाती आलं. माइक रॉबर्ट्‌सने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टॅड्स ही असे खेळ लिहायची भाषा आणली, ग्रॅहम नेल्सनने १९९३ मध्ये इन्फॉर्म. एकेकाळी कंपनीच्या आत कुलूपबंद असलेली हत्यारं कुणालाही मिळू लागली. नव्वदच्या दशकात खेळांचा दर्जा वर गेला आणि किंमत शून्यावर आली, दोन्ही एकाच वेळी. उत्तमोत्तम खेळ फुकट खेळायची सवय एका अख्ख्या पिढीला लागली. तुमची स्पर्धा आजच्या दुसऱ्या लेखकाशी कमी आहे आणि तीस वर्षांच्या त्या फुकट साठ्याशी जास्त आहे. तो साठा अजून तिथेच आहे, आणि वर म्हटल्याप्रमाणे, सडत नाही.

मग यातून पुढे कुणाचं कसं झालं? तीन वाटा दाखवतो.

अँड्र्यू प्लॉटकिन आधीच नावाजलेला होता, 'स्पायडर अँड वेब' हा १९९८चा खेळ त्याचा. २०१० मध्ये नोकरी सोडून 'हेडियन लँड्स' लिहायचा असं ठरवून त्याने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आठ हजार डॉलर मागितले आणि त्याला एकतीस हजारांहून जास्त मिळाले. आपल्या प्रकारात हा आकडा तेव्हा अचाट होता. पण खेळ आला २०१४ मध्ये. आता तुम्हीच भागाकार करा. चार वर्षांत भागलेले एकतीस हजार डॉलर म्हणजे पगार नव्हे, आणि मधल्या काळात त्याने इतर कामंही केली. हा अपयशाचा किस्सा मुळीच नाही, खेळ झकास आहे. पण या क्षेत्रातल्या सगळ्यात कुशल आणि सगळ्यात विश्वासू माणसाचं गणित हे असेल, तर आपलं कुठे बसतं ते बघून घ्यावं.

दुसरी वाट एमिली शॉर्टची. तिचा 'गॅलटीया' २००० मध्ये आला. त्यात एकच खोली, एक पुतळा आणि त्याच्याशी होणारं बोलणं, एवढंच. पैशाचा संबंध नाही. पण पात्रांशी संवाद कसा रचायचा याचा तो वस्तुपाठ ठरला. पुढे ती इन्फॉर्म ७ साठी उदाहरणं लिहीत राहिली, इतरांच्या खेळांवर बारकाईने लिहीत राहिली आणि त्यातूनच गेम कंपन्यांमध्ये मोठ्या जबाबदारीच्या जागांवर गेली. जॉन इंगोल्डची वाट तिसरी. इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन, म्हणजे आयएफकॉम्प, ही स्पर्धा त्याने २००१ मध्ये जिंकली. २०११ मध्ये जोसेफ हम्फ्रीबरोबर इंकल ही कंपनी काढली आणि टाइप करण्याऐवजी पर्याय निवडायचे, असा प्रकार फोनसाठी घडवला. २०१४चा '८० डेज' त्यातूनच आला, आणि त्यामागची इंक ही भाषा त्यांनी २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली.

तिघांत सारखं काय, तर आधी पुरे केलेले, लोकांनी खेळलेले खेळ. पैसा नंतर आणि आडवाटेने आला.

आता कामाबद्दल, कारण नोकरी सोडल्यावर दिवस कशात जाणार हे माहीत असलेलं बरं. नवख्याला वाटतं आपण दिवसभर कथा लिहीत बसू. टाइप करून खेळायच्या खेळात कथेला वेळेचा लहान वाटा मिळतो. उरलेला सगळा वेळ खेळणाऱ्याने काहीतरी अनपेक्षित टाइप केलं त्याला उत्तर देण्यात जातो. तुम्ही वर्णनात लिहून जाता, "कोपऱ्यात एक गंजलेली बादली पडली आहे." तुमच्या दृष्टीने ते वाक्य वातावरणासाठी असतं. खेळणाऱ्याला ती बादली दिसते. तो ती उचलेल, पालथी घालेल, तिच्यात बघेल, तिच्यावर उभा राहील, तिच्यात पाणी भरेल. "अशी कोणतीही वस्तू इथे नाही" हे उत्तर आलं की त्याचा विश्वास उडतो. यातून एकतर बादली कोडमध्ये नीट उभी करायची, नाहीतर ते वाक्य खोडायचं. मी हल्ली खोडतो. माझी वर्णनं वर्षागणिक आखूड होत गेली ती साहित्यिक प्रगल्भतेमुळे नाही.

या कामाचं खरं साधन म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. टेस्टरने काय टाइप केलं आणि खेळाने काय उत्तर दिलं याची शब्दशः नोंद. टेस्टरला "कसा वाटला?" विचारू नका. तो "छान" म्हणेल, तुम्ही खूश व्हाल, काम तिथेच राहील. ट्रान्सक्रिप्ट खोटं बोलत नाही. त्यात दिसतं की माणूस एकाच दारासमोर चाळीस चाली घुटमळला, सहा वेगवेगळ्या क्रियापदांनी तेच करून पाहिलं आणि शेवटी चिडून खेळालाच शिवी दिली. (शिवीला उत्तर लिहून ठेवा. तुम्हाला वाटतं त्याहून जास्त वेळा ते वाचलं जातं.) माझी पद्धत साधी आहे. ट्रान्सक्रिप्ट वाचताना खेळाने "समजलं नाही" म्हटलेली प्रत्येक ओळ वेगळी काढतो. त्यातल्या निम्म्या निव्वळ प्रतिशब्दांच्या असतात, त्या अर्ध्या दिवसात होतात. काही ठिकाणी खेळणाऱ्याची कल्पना माझ्या कोड्याच्या उत्तरापेक्षा सरस असते. तिथे अहंकार गिळून त्याचं उत्तरही चालवून घ्यायचं. उरतात त्या जागा जिथे कोडंच अन्यायकारक असतं, आणि त्या दुरुस्त करायला आठवडे लागतात. नवा टेस्टर एकदाच नवा असतो, म्हणून सगळे टेस्टर पहिल्याच आठवड्यात वापरून संपवू नका. दोन-दोनच्या तुकड्या करा.

मराठीत लिहिणार असाल तर आणखी एक डोंगर आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. ही सगळी हत्यारं मुळात इंग्रजीसाठी घडली. इंग्रजीत नाम आहे तसंच राहतं आणि संबंध दाखवणारा शब्द सुटा येतो, त्यामुळे यंत्राला वाक्य फोडणं सोपं जातं. आपल्याकडे प्रत्यय नामाला चिकटतो आणि चिकटताना नामाचं रूप बदलतो. 'कुलूप' शब्दकोशात टाकून भागत नाही, खेळणारा 'कुलपात किल्ली घाल' लिहितो. विहीर होते 'विहिरीत', घोडा होतो 'घोड्यावर'. म्हणजे प्रत्येक वस्तूचं सामान्यरूप वेगळं नोंदवायचं आणि मग ला, ने, त, वर, खाली, तून असे प्रत्यय सोलून काढणारा भाग लिहायचा. तो एकदा लिहिला की प्रत्येक खेळात वापरता येतो, म्हणून आळस करू नका. उत्तरांमध्येही गंमत आहे. "घेतलं" असं एकच ठोकळेबाज उत्तर चालत नाही. दिवा घेतला, किल्ली घेतली, पुस्तक घेतलं. प्रत्येक वस्तूला लिंग आणि वचन द्यावं लागतं.

आणि सगळ्यात नाजूक म्हणजे खुद्द खेळणारा. "तू विहिरीजवळ उभा आहेस" लिहिलंत की अर्ध्या वाचकांना पहिल्याच ओळीत बाहेर काढलंत. सुरुवातीला विचारून दोन्ही रूपं सांभाळता येतात, पण मी बहुतेक ठिकाणी वाक्यच वळवतो: "समोर विहीर आहे. काठाचा दगड पायाला थंड लागतो." यातून लिहिणं सुधारतं, हा अनपेक्षित फायदा. खेळणारे आज्ञा देतानाही आपापल्या वळणाने देतात. कुणी 'दार उघड', कुणी यंत्राला मान देऊन 'दार उघडा', कुणी 'दार उघडतो', आणि बरेच जण रोमन लिपीत मराठी टाइप करतात. चारही चालले पाहिजेत. हा खटाटोप नको असेल तर पर्याय निवडायचे खेळ करा. त्यात कमीपणा नाही. २००९ मध्ये क्रिस क्लायमसने असे खेळ करायचं ट्वाइन हे हत्यार आणलं आणि कोड न लिहिणाऱ्यांसाठी दार उघडलं. तिथे मराठी पहिल्या दिवसापासून बिनातक्रार चालते.

हत्यार निवडताना परवाना मात्र वाचा. सगळ्यांच्या अटी सारख्या नसतात. उदाहरणार्थ, चॉइसस्क्रिप्ट या पर्याय निवडायच्या खेळांच्या भाषेत केलेला खेळ विकायचा तर चॉइस ऑफ गेम्स या कंपनीशी करार करावा लागतो. तो करार वाईट आहे असं नाही, त्यांच्याकडे या प्रकाराचा तयार वाचकवर्ग आहे. फक्त खेळ लिहून झाल्यावर हे कळू नये. एका कंपनीसाठी मी एकदा घाईत सही केली आणि माझ्याच पात्रांवर पुढचा खेळ लिहायचा हक्क गमावून बसलो. चूक त्यांची जितकी, तितकीच ती पानं न वाचणाऱ्या माझी.

पहिलं पाऊल कुठलं, तर माझं मत ठाम आहे: आयएफकॉम्प. १९९५ पासून दरवर्षी होते. तिचा मुख्य नियम असा की परीक्षकाने जास्तीत जास्त दोन तास खेळून एक ते दहामध्ये गुण द्यायचे, आणि परीक्षक म्हणजे खेळायला येणारं कुणीही. हा दोन तासांचा नियम नवख्याला उपकारक आहे, कारण तो तुम्हाला लहान खेळ पूर्ण करायला भाग पाडतो. खेळ आधी कुठे प्रसिद्ध झालेला चालत नाही, तेव्हा तुमचा पूर्ण झालेला खेळ बाहेर टाकण्याआधी थांबा. लांब पल्ल्याच्या खेळासाठी स्प्रिंग थिंग बघा, तिथलं वातावरण स्पर्धेचं कमी आणि प्रदर्शनाचं जास्त असतं. गुणांपेक्षा मला आयएफकॉम्पमध्ये मिळालेली परीक्षणं उपयोगी पडली. पहिल्या वर्षी मी तळाला होतो. त्यातल्या एका परीक्षणाने "लेखकाला गद्य येतं, दार उघडता येत नाही" असं लिहिलं होतं. पुढची कामं मिळाली ती बरीचशी त्याच वर्तुळातल्या ओळखीतून, कारण लोकांनी बघितलं की हा माणूस दुरुस्त्या करून नवी आवृत्ती काढतो.

विक्रीबद्दल फार बोलत नाही, कारण बोलण्यासारखं फार नाही. इच या खेळ विकायच्या संकेतस्थळावर खेळ ठेवायला पैसे लागत नाहीत आणि त्यांचा वाटा किती हे तुम्हीच ठरवता. स्टीम या तशाच मोठ्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक खेळामागे शंभर डॉलर भरावे लागतात, ते विक्री एक हजार डॉलरवर गेली की परत मिळतात, आणि वाटा तीस टक्के जातो. पाच डॉलरच्या खेळाच्या एकोणतीस प्रती विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. त्यात आपल्या प्रकाराला एक खास फास आहे. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करून पैसे घेता येतात, आणि स्पर्धेसाठी लिहिलेला खेळ नेमका तेवढ्यातच संपतो. म्हणून विकायचाच तर दोन-तीन छोटे खेळ एकत्र बांधून विका. दृष्टिहीन खेळाडू स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, हे खेळ खेळतात आणि फार निष्ठेने खेळतात. त्यांच्यासाठी नीट चालतो का हे तपासून बघितलंत तर चांगुलपणा होईलच, शिवाय गिऱ्हाईकही मिळेल.

हल्ली प्रत्येक जण विचारतो की एआय आल्यावर पार्सरची, म्हणजे टाइप केलेली आज्ञा फोडून समजून घेणाऱ्या भागाची, गरज काय. खेळणाऱ्याचं विस्कळीत वाक्य समजून घ्यायला त्याचा उपयोग होतो, मीही करून पाहिलाय. पण जग त्याच्या हवाली केलं की ते कशालाही हो म्हणतं. खिशात नसलेली किल्ली खिशात सापडते आणि कोडं तिथेच मरतं. कुठली वस्तू कुठे आहे याचा हिशोब कोडनेच ठेवायला हवा.

राहिली नोकरी. सोडू नका, निदान आत्ता नाही. तीन-चार दिवसांचा आठवडा मिळत असेल तर तो घ्या. येत्या दोन वर्षांत दोन तासांचे तीन खेळ पूर्ण करा, एकाच मोठ्या खेळात अडकू नका. सोबत इतरांचे खेळ टेस्ट करा, कारण परतफेडीत टेस्टर मिळतात आणि दुसऱ्याच्या चुका वाचून हात लवकर बसतो. तोवर गेम स्टुडिओंसाठी संवाद लिहिणं, शिकवण्यासाठी इंटरॅक्टिव्ह मजकूर रचणं, एखाद्या हत्याराची माहितीपुस्तिका लिहिणं अशी कामं येऊ लागली आणि ती वर्षभर सलग टिकली, तर नोकरीचा विचार पुन्हा करा. ही कामं देणारा माणूस तुमचा खेळ शेवटपर्यंत खेळत नाही, पहिली दहा मिनिटं खेळतो. ती दहा मिनिटं बाकी सगळ्यापेक्षा जास्त घासून घ्या.

तुमच्या खेळाचं म्हणाल, तर ज्यांना तो आवडला ते सगळे ओळखीचे आहेत असा माझा अंदाज आहे. तो अजिबात न ओळखणाऱ्या चौघांना पाठवा, आणि ट्रान्सक्रिप्ट पहिल्या चालीआधीच सुरू करायला सांगा. निम्मा खेळ झाल्यावर आठवण केलीत तर ते नेमके कुठे अडखळले तेवढंच हाती लागत नाही.